छापील बाजू खाली

त्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘टाकाऊतून टिकाऊ’. या दोन शब्दांशी माझं शाळेपासून वैर आहे. कार्यानुभवाच्या तासाला बाई सांगायच्या, घरातली टाकाऊ बाटली आणा, आपण पेनस्टँड करू. आमच्या घरात टाकाऊ बाटली नव्हती. जी होती तिच्यात रॉकेल होतं, आणि रॉकेल संपलं की तीच बाटली पुन्हा रॉकेल आणायला जायची. मी बाईंना तसं सांगितलं तर अख्खा वर्ग हसला. वस्तू टाकून देण्याची ऐपत असेल तरच तिची कला होते, हे मला तेव्हा कळलं. ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

धड्यांच्या आधी आमच्याकडे पत्रकं आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबडच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गेटसभेत वाटून उरलेली घरी यायची. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी फार गोड लिहिलं किंवा बोललं, की मी आधी अगदी खाली बघते : प्रकाशक कोण, मुद्रक कोण.

ज्या मॅडमनी ते प्रदर्शन भरवलं त्या फार गोड बोलत.

आधी आईच्या कामाबद्दल सांगायला हवं. आई आणि आमच्या गल्लीतल्या पाचसहा बायका फ्लेक्सची पायपुसणी विणतात. आमच्या सिडकोत फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया, कुंभमेळ्यासाठी येणाऱ्या भाविकांचं हार्दिक स्वागत. चौकातला सिग्नल लाल आहे की हिरवा ते फ्लेक्सच्या फटीतून वाकून बघावं लागतं. समारंभ संपला की त्या फ्लेक्सला कुणी वाली नसतो. बायका तो उतरवून आणतात, कात्रीने त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या काढतात, आणि दाराएवढ्या लाकडी चौकटीवर खिळ्यांना ताणून उभ्या-आडव्या विणतात. फ्लेक्सची पाठ पांढरी असते. ती पाठ वर राहते, छापील बाजू खाली. चारी कडांना जुन्या साडीचा काठ शिवतात. हे पायपुसणं नळाखाली धरून झटकलं की साफ होतं, म्हणून भाजीबाजारातले गाळेवाले ते आवडीने नेतात.

या कामाचे नियम आईने घालून दिलेले आहेत. पहिला नियम : आधी देव काढायचे. प्रत्येक फ्लेक्सच्या कोपऱ्यात कुठला ना कुठला देव असतोच. तो गोल कापून बाजूला ठेवायचा आणि साठले की गोदेच्या काठी निर्माल्य कलशात सोडून यायचं. सुरुवातीला आईचं म्हणणं होतं की माणसांचे चेहरेही कापून काढावेत. त्यावर आमच्या शेजारच्या काकू, ज्यांचं माहेर नांदगावकडचं आहे आणि ज्यांच्या जिभेला हाड नाही, म्हणाल्या होत्या, “अगं बाई, देव काढले, पुढारी बी काढले, तर ऱ्हायलं काय? नुसता पिवळा रंग!”

तेव्हा तडजोड झाली. चेहरे पट्ट्यांत जाऊ द्यायचे, पण तोंड जमिनीकडे. “माणूस कसाबी असू दे, त्याच्या तोंडावर पाय द्यायचा नाय,” आई म्हणाली. मी हसले होते. ज्यांच्या तोंडावर पाय द्यावा अशी निदान डझनभर माणसं मला तोंडपाठ आहेत.

दुसरा नियम असा, की पट्ट्या ज्या क्रमाने कापल्या त्याच क्रमाने चौकटीवर घ्यायच्या. कात्री कधी सरळ चालत नाही. शेजारच्या पट्ट्या शेजारी राहिल्या तरच कड सरळ येते. त्याचा परिणाम असा होतो, की पांढऱ्या बाजूखाली, जमिनीला चिकटून, तो फ्लेक्स पुन्हा जुळत जातो. पण खाली वाकून कोण बघतं?

हे सगळं चालायचं समाजमंदिराच्या मागच्या खोलीत. आमचं घर दीड खोलीचं, बाकी बायकांचीही तशीच. दाराएवढी चौकट घरात आडवी केली तर माणसांनी उभं राहायचं. ती खोली नसेल तर काम नाही, इतकी सरळ गोष्ट. समाजमंदिर महापालिकेचं, पण चावी असायची भाऊंकडे. भाऊ म्हणजे आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक. निवडणूक लांबत गेली आणि ते इतकी वर्षं भावी राहिले, की बारक्या पोरांना ते त्यांचं आडनाव वाटतं. त्यांच्या मनात आलं की खोली उघडी, मनात आलं की तिथे कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या आणि बायका बाहेर. ही खोली आता कायमची बायकांची, असं भाऊंनी एकदा चारचौघांत बोलावं, म्हणजे शब्द फिरवायची चोरी होईल, एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

मॅडम गंगापूर रोडला, शहराच्या पैसेवाल्या बाजूला, राहतात. त्यांनी बाजारात एका गाळ्यावर आईचं पायपुसणं पाहिलं आणि माग काढत समाजमंदिरात आल्या. दारातच म्हणाल्या, “मावशी, हे तर वंडरफुल आहे!”

मावशी. हा शब्द मला कुणी समजावून सांगा. आमच्याकडे मावशी म्हणजे आईची बहीण. तिकडे कॉलेज रोड ओलांडला की मावशी म्हणजे भांडी घासणारी, फरशी पुसणारी, लिफ्टबाहेर थांबणारी कुणीही बाई. मॅडम वयाने आईच्या बरोबरीच्या होत्या. आई त्यांना मावशी म्हणाली असती तर?

त्या म्हणाल्या, “मावशी, मला एक मोठ्ठा पीस हवाय. भिंतभर. आमच्या प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण.” काकूंनी विचारलं, त्यात आमचा काय फायदा. मॅडम म्हणाल्या, उद्घाटनाला तुमच्या भाऊंनाच बोलावते, ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत. खोलीची घोषणा स्टेजवरूनच करायला लावते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गळ टाकला गेला होता आणि गळाला लावलेलं आमिष आमच्याच घरचं होतं.

दोन चौकटी एकमेकींना बांधून बायका महिनाभर विणत होत्या. एवढ्या मोठ्या कामाला एक फ्लेक्स पुरेना. उभ्या पट्ट्यांसाठी एक घेतला, आडव्यांसाठी दुसरा. कोणते घेतले हे कुणाच्या लक्षात नाही. देव काढले, बाकी पालथं घातलं.

मी तेव्हा मॅडमच्या मागे एकाच गोष्टीसाठी लागले होते. कलाकृतीखाली जे छोटं कार्ड लावतात त्यावर बायकांची नावं लिहा. त्यांनी मला मसुदा दाखवला. ‘उपेक्षित हातांची सामूहिक निर्मिती. माध्यम : टाकाऊ फ्लेक्स.’

“नावं?” मी विचारलं.

“सामूहिक म्हटलं ना, की जास्त पॉवरफुल वाटतं.”

“बाकी सगळ्यांची नावं आहेत. जुन्या सीडींच्या त्या मोराखालच्या कार्डावरसुद्धा आहे.”

“ते आर्टिस्ट आहेत गं,” मॅडम म्हणाल्या, आणि लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो खाली सरकवला.

घरी येऊन मी तणतणले. अण्णा म्हणाले, एका वेळी एकच मागणी लावून धर, खोली मिळू दे, नावाचं नंतर बघू. कारखाना बंद पडल्यापासून अण्णा असंच बोलतात. मी गप्प बसले. खोलीसाठी बसले, कार्ड पटलं म्हणून नव्हे.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही रिक्षांत भरून गंगापूर रोडच्या त्या हॉलवर गेलो. बायकांनी लग्नातल्या साड्या नेसल्या होत्या. आत थंडगार एसी, आणि भिंतीवर, टेबलांवर कचरा मांडलेला. की-बोर्डच्या बटणांचा गणपती. चिप्सच्या पाकिटांचा घागरा. कागदी कपांचा एक उंच मनोरा होता. त्यातला एकही कप चहाने डागलेला नव्हता, कोरे कप दुकानातून आणून चिकटवले होते. बाटल्यांचं झाड होतं, त्याच्या बाटल्यांची वेष्टनंही तशीच होती. काकूंनी झाडाखाली उभं राहून विचारलं, “हे पाणी कोन प्यालं असंल?” एका मुलीने उत्तर दिलं की पाणी ओतून दिलं, कारण वेळ कमी होता. ती मुलगी लाजलीही नाही. पाहुण्यांसाठी दाराशी अजून पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचून ठेवलेले होते. पुढच्या वर्षीच्या झाडाची सोय झाली.

मुख्य भिंतीवर आमचं पायपुसणं होतं. आई ते बघून जागच्या जागी थांबली.

“उलटं लावलंय,” ती म्हणाली.

मॅडम हसत आल्या. “नाही मावशी, हेच सुलटं. मागची बाजू पाहिली आणि मी वेडीच झाले! काय रंग आहेत! पांढऱ्या बाजूला काही मजाच नव्हती.”

“ती पाठ नाय, तेच तोंड हाय. म्हंजे तोंड खाली असतं.” आईला नीट सांगता येईना. ती पुढे झाली आणि तिने पायपुसण्याच्या कडेला हात घातला.

“प्लीज, प्लीज, हात नका लावू!” मॅडम जवळजवळ ओरडल्या. “कलाकृतीला हात लावायचा नसतो.”

महिनाभर जिने ते विणलं तिच्या बोटांवर अजून पट्ट्यांचे चरे होते. मी म्हणाले, “तिच्याच हातचं आहे ते.”

“आता ते सगळ्यांचं आहे,” मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलेलं असणार. ते ज्यांनी लिहिलं त्यांना हा अर्थ अभिप्रेत नसावा.

जवळून बघताना ते नुसते रंगांचे चौकोन दिसत होते. मी मागे सरकले. अजून थोडी मागे. आणि चौकोन जुळायला लागले. एक डोळा. अर्धी मिशी. जोडलेल्या हातांतली अंगठी. उभ्या पट्ट्यांत भाऊ होते, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे, हसरे. आडव्या पट्ट्या कुणा दुसऱ्याच फ्लेक्सच्या होत्या, काळ्यावर पांढरी अक्षरं. भाऊंच्या कपाळावरून आरपार गेलेली ती अक्षरं एक घर सोडून एक दिसत होती, पण फ्लेक्सवरची अक्षरं हातहातभर मोठी असतात, ती लपत नाहीत. ‘भावपूर्ण’ जवळपास अख्खं वाचता येत होतं. त्याच्या पुढे ‘श्र’ आणि ‘द्धां’.

“मॅडम, हे उतरवा,” मी म्हणाले. “आत्ता. हे आमचे भाऊ आहेत, आणि त्यांच्यावर श्रद्धांजली आहे.”

मॅडमनी मान तिरकी करून पाहिलं. माणूस त्यांना ओळखू आला नाही; ‘माझ्या शब्दाबाहेर नाहीत’ ते फोनवरच असावं. ज्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं त्याचं तोंड चौकाचौकात टांगलेलं असतं, पण ते चौक आमच्याकडचे. “अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे गं ते,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला वेगळं दिसतं.”

तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं आपटली.

भाऊ आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कार्यकर्त्यांच्या घोळक्यात, आणि दिवा लावण्यासाठी आपल्या म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन. तिला त्यांनी हाताला धरून पायऱ्या चढवल्या. मॅडमनी पुष्पगुच्छ दिला. तो वर्तमानपत्राच्या कागदी फुलांचा होता, ते पाहून भाऊंना बोळवण झाल्यासारखं वाटलं असावं. मग सगळा लवाजमा मुख्य भिंतीकडे वळला. आई त्या पायपुसण्यासमोर जाऊन उभी राहिली. तेवढ्या मोठ्या भिंतीपुढे एक बाई किती झाकणार?

आधी एका कार्यकर्त्याला दिसलं. तो खुशीत म्हणाला, “भाऊ, हे तर तुम्ही!” भाऊ खूश झाले. मोबाईल वर झाले. भाऊ स्वतःकडे बघत दोन पावलं मागे सरले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बोललं मात्र कुणीच नाही. जो पहिला बोलेल त्याच्यावर येईल, हे आमच्या प्रभागात सगळ्यांना कळतं.

बोलली ती भाऊंची आई. तिला अक्षरं जोडून वाचायची सवय होती. “भा... व... पूर्ण,” ती म्हणाली. “श्र... द्धां...” आणि थांबली. मग तिने मुलाच्या दंडाला धरलं, जणू तो आहे की नाही ते चाचपून बघत होती. “माझ्या जित्या लेकाला?” ती म्हणाली. “कोनी टांगलं हे? माझ्या जित्याजागत्या लेकाला?” आणि ती रडायला लागली.

तिचं रडणं खरं होतं. एवढं मी मान्य करते. त्यानंतर त्या हॉलमध्ये जे झालं त्यातलं काहीही मान्य करत नाही.

“कुणी केलंय हे?” भाऊंनी विचारलं. “कुणाच्या सांगण्यावरून? कुठली पार्टी आहे मागे?”

मॅडमच्या हातात माईक होता. त्या म्हणाल्या, “सर, माफ करा, आमचा यात काहीच... म्हणजे हे आमचं नाही, हे या मावशींचं काम आहे.” आणि त्यांनी आईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधे नवऱ्याचं नाव घालून, आडनावासकट. कार्डावर जे मावलं नव्हतं ते माईकवर आरामात मावलं. एवढं पाठ होतं त्यांना! महिनाभर ‘मावशी, मावशी’ करत होत्या आणि नाव पाठ होतं. श्रेय सामूहिक होतं. दोष आला तेव्हा त्याला नाव, आडनाव सगळं मिळालं.

आई भाऊंकडे गेली नाही. ती त्या म्हातारीकडे गेली. “आजी, उलटं टांगलंय ते. आमच्यात असं वर ठेवत नायत. रडू नका.” मग वळून तिने पायपुसणं दोन्ही हातांनी खाली ओढलं. हूक भिंतीतून निघाले, थोडा चुना पडला. मॅडम “एक मिनिट, एक मिनिट” म्हणत राहिल्या. आईने ते छापील बाजू आत घेऊन दुमडलं, परत दुमडलं आणि काखेत मारलं.

“ताई, माफी मागा,” भाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता. “इथेच. सगळ्यांसमोर. मोबाईल चालू आहे.”

आईने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. “ह्यांची मागितली.”

“आणि माझी?”

“तुमची कशापायी?” आई म्हणाली. “इतके दिस तुमचं तोंड आम्हीच झाकत होतो, भाऊ. उघडं पाडलं ते ह्या मॅडमनी.”

काकूंच्या तोंडून हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून आलेलं, पण एसीच्या हॉलमध्ये ते दूरपर्यंत गेलं. एक कार्यकर्ताही हसला आणि लगेच खोकला. भाऊंनी म्हातारीला गाडीकडे नेलं. दिवा लागला नाही. घोषणा झाली नाही.

संध्याकाळी समाजमंदिराच्या मागच्या खोलीला नवं कुलूप होतं. चौकटी आतच.

दुसऱ्या दिवशी बायका आमच्या दारात जमल्या. सगळ्यात आधी बोलल्या त्या काकूच. “ताई, लय भारी बोललीस, पन खोली गेली ना? माफी मागायला काय जातं? जिभेला काय हाड हाय? दोन शब्द टाकायचे, कुलूप काढायचं!”

“हसताना तुमच्या जिभेला हाड होतं का?” मी विचारलं.

“तू नको बोलू मधी. तुझ्यामुळंच तुझ्या आईच्या अंगात आलं. पत्रकं वाचून वाचून डोस्की फिरली तुम्हा लोकांची!”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीने म्हटलं, तुमच्या घरात नवरा आहे, पोरगी कमावती आहे, तुम्हाला तत्त्वं परवडतात. त्या वाक्यात तथ्य होतं आणि म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

मी पत्रक लिहिलं. मथळा : ‘श्रेय सामूहिक, दोष वैयक्तिक!’ खाली तीन परिच्छेद. कार्ड कुणी लिहिलं, पायपुसणं कुणी उलटवलं, माईकवर नाव कुणी घेतलं. समाजमंदिर महापालिकेचं आहे, चावी कुणाच्या बापाची नाही. शेवटी आईचं नाव ठळक अक्षरांत, कारण ज्यांनी ते गाळलं त्यांना ते वाचायला लागावं असं मला वाटलं. छापून आणलं आणि गठ्ठा ओट्यावर ठेवला.

आईने एक प्रत घेतली आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली.

“ह्यात माझं नाव तीनदा हाय.”

“असायलाच पाहिजे.”

“त्या बाईने गाळलं तेव्हा मला इचारलं नाय. माईकवर घेतलं तेव्हा इचारलं नाय. तू छापलं तेव्हा?”

“मी तुझ्या बाजूने छापलंय!”

“बाजू माझी हाय ना? मग मला इचारशील का नाय?”

तिने तो गठ्ठा उचलला, पाटासारखा खाली घेतला आणि त्यावर बसून मेथी निवडायला लागली. तो गठ्ठा अजून आमच्या घरात आहे. मी अजूनही म्हणते, ते पत्रक बरोबर होतं. त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही.

आईला सोडून बाकीच्या बायका भाऊंच्या ऑफिसात गेल्या. तिथे त्यांचा व्हिडिओ काढला. तो प्रभागातल्या प्रत्येक मोबाईलवर आला. मधोमध भाऊ, दोन्ही बाजूंना माना खाली घातलेल्या बायका, आणि काकू म्हणतायत, आमच्यातल्या एकीच्या अडाणीपणामुळे चूक झाली, भाऊंनी मोठ्या मनाने पदरात घेतलं. एकीच्या. नाव मात्र घेतलं नाही. तेवढी लाज काकूंनी राखली, असं आई म्हणते. मी म्हणते, नाव घ्यायची गरजच उरली नव्हती.

मॅडमनी त्या रिकाम्या भिंतीचा फोटो टाकला, निघालेल्या हुकांसकट, आणि खाली लिहिलं, ‘कलेवरचा हल्ला’. शेकडो लोकांनी हळहळ व्यक्त केली. हल्ला करणारी बाई आणि ते बनवणारी बाई एकच आहे, हे मी खाली लिहिलं. त्यांनी मला ब्लॉक केलं.

मग एका दुपारी काकू आल्या. बाहेर चप्पल काढली, आत आल्या, नेहमीच्या जागी बसल्या, जसं काही घडलंच नाही.

“ताई, खोली उघडली. कायमची दिली. भाऊंनी लेखी नाय दिलं, पन चारचौघांत बोलले. चल आता.”

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“आनि लय मजा सांगते,” काकू पुढे सरकल्या. “भाऊंची एकच अट हाय. त्यांचे फ्लेक्स आनायचे नाय. समोरच्या पार्टीचे आनायचे, ढिगाने पाठवून बी दिले त्यांनी. आनि छापील बाजू वर ठेवायची! लोकांनी पाय पुसताना तोंडं दिसली पाहिजेत म्हने! आम्ही चार विनून बी टाकले. काय हसलो गं!”

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मला ती कल्पना झकास वाटली. भाऊंच्या डोक्यातून निघाली याचाच तेवढा राग आला. समोरच्या पार्टीतली दोन तोंडं माझ्या त्या डझनात होती.

आईने विचारलं, “देव काढले का?”

“काढले की.”

“आनि मानसं वर?”

“मानसं कसली, पुढारी!”

“मग मी येत नाय,” आई म्हणाली.

काकूंना वाटलं, ती थट्टा करतेय. मग कळलं. “अगं, ते तुझे कोन लागतात? आपल्या भाऊंसाठी तू आजवर तोंड खाली ठेवलंस, ठीक हाय. ह्यांच्यासाठी कशाला?”

“मी भाऊसाठी खाली ठेवलं नव्हतं.”

“मग कुनासाठी?”

“आपली ती रीत हाय. उद्या त्यांची म्हातारी बाजारात आली तर?”

काकू उठल्या. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाल्या, “रीत घेऊन बस घरात. चौकट हवी तर तुझी घेऊन जा, आम्हाला अडचन होते.” आणि गेल्या.

मीही आईवर चिडले. मी म्हणाले, तोंडावर पाय ठेवण्याच्याच लायकीची माणसं आहेत ती, दोन्हीकडची. तुझ्या या चांगुलपणावरच ती मोठी झाली. ती म्हणाली, असतील लायकीची, पाय माझ्या पायपुसण्यावर नको. मी म्हणाले, मग तू विणूच नकोस. ती म्हणाली, ते तू नको सांगू. आमचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. जेवताना, कपडे वाळत घालताना, कुठूनही सुरू होतं. ती हरत नाही आणि मला पटत नाही.

अण्णांनी आणि मी चौकट घरी आणली. ती दारातून आत येईना. तिरकी केली, उभी केली, पलंग हलवला. शेवटी आईने ती दाराबाहेरच्या गॅलरीत आडवी टाकली, शेजारून करवत मागून आणली आणि मधोमध खूण केली. मी म्हणाले, अर्ध्या चौकटीवर कसलं पायपुसणं होणार, उंबऱ्याएवढं? तिने लाकडावर गुडघा दाबला आणि करवत चालवली. मी धरायला गेले तर म्हणाली, “तू बाजूला हो, हात कापशील.”

खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “अहो, भुसा पडतोय आमच्या कपड्यांवर! वाळत घातलेत!”

आईने मान बाहेर काढली. “मग आत घ्या,” ती ओरडली, “अजून निम्मी कापायची हाय!”